भट्टीखालचा विस्तव

एखादे काम मनासारखे उतरले म्हणजे आपण ‘भट्टी जमली’ असे म्हणतो, आणि फसले म्हणजे ‘भट्टी बिघडली’ असे म्हणतो. मद्याचा थेंबही ज्यांनी कधी जिभेला लावला नाही अशा सोवळ्या घरांतही हा वाक्प्रचार बिनदिक्कत चालतो. दारूच्या अनेक जाती आहेत. कोणी धान्याची, कोणी गुळाची, कोणी फुलांची; परंतु घरी चोरून गाळलेल्या दारूला मराठीने नाव दिले ते ‘हातभट्टी’. त्या नावात धान्य नाही, फूल नाही, भांडेही नाही. आहे ती भट्टी, म्हणजे विस्तव. आणि तो विस्तव सांभाळणारा हात. संस्कृत ‘भ्राष्ट्र’पासून निघालेल्या या शब्दाला आमच्या लोकांनी ‘हात’ जोडून जी समजूत दाखविली आहे, तिचे मर्म आम्हांला उतारवयात, जबलपुरात, आणि तेही अमेरिकेहून आलेल्या एका भाच्याच्या तोंडून कळावे, हा योगच म्हणावयाचा.

भाचा मिनेसोटात अभियंता आहे. दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे आला. फराळाच्या ताटासमोर बसून त्याने खिशातला फोन काढला आणि तिकडच्या आपल्या तळघरातील एका चकचकीत पोलादी पातेल्याचे चित्र दाखविले. घरच्या घरी बिअर करण्याचा त्याला छंद आहे. त्याच्या मामीने कपाळाला हात लावला. परंतु तिकडे हा गुन्हा नव्हे. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या आणि १९७९ पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये अमेरिकेतील प्रौढ नागरिकास स्वतःच्या घरापुरती बिअर कर न भरता करता येते: एकट्यास वर्षाला शंभर गॅलन, दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घरास दोनशे. त्याआधी, मद्यबंदी उठून पंचेचाळीस वर्षे लोटली तरी, घरच्या वाइनला मोकळीक आणि घरच्या बिअरला बंदी असा विचित्र प्रकार तेथे चालू होता.

भाच्याला सांगावयाचे होते ते निराळेच. इतकी वर्षे तो अंगणात प्रोपेन वायूच्या शेगडीवर पातेले चढवीत असे. यंदा त्याने ती शेगडी काढून टाकली आणि पातेल्याच्याच पोटात विजेची कांब बसविली. “मामा, आता धूर नाही, भडका नाही, घुर्रघुर्र आवाज नाही. घरात बसून काम होते, आणि अंशाचाही फरक पडत नाही,” असे तो ज्या समाधानाने म्हणाला, ते समाधान आम्ही मुलाच्या नोकरीची बातमी सांगणाऱ्या बापांच्या तोंडावर पाहिले आहे.

बिअरच्या कामात विस्तवाला दोन वेळा बोलवावे लागते. प्रथम मोड आणून वाळविलेले जव भरडून कोमट पाण्यात मुरवितात. हे पाणी पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सियस एवढेच तापलेले हवे. तेवढ्या उष्णतेत धान्यातील पाचक द्रव्ये पिठाची साखर करतात. पाऊणशे अंशांच्या पलीकडे गेले की ती द्रव्ये मरतात आणि साखरेचे काम थांबते. त्यानंतर तो गोड काढा गाळून, त्यात हॉप नावाची कडू फुले टाकून, तासभर खळखळून उकळावयाचा. मग निववून किण्व घालावयाचे. पहिल्या कामाला मंद आणि अढळ ऊब हवी, दुसऱ्याला जोरकस जाळ. वायूची शेगडी दुसऱ्या कामात पटाईत, पहिल्यात उतावीळ. शिवाय ती बंद खोलीत पेटविणे जिवावर बेतते, कारण अर्धवट जळालेल्या वायूतून जे विष निघते त्याला ना रंग ना वास. म्हणून मिनेसोटाच्या हिमातही तिला बाहेरच ठेवणे आले. आणि कडाक्याच्या थंडीत टाकीतला वायूचा दाब उतरतो, म्हणून नेमक्या वेळी जाळ मंदावतो. विजेला यांतले एकही दुखणे नाही. तिचे दुखणे वेगळे. थोड्या जागेत फार उष्णता कोंबली तर काढ्यातील साखर कांबेला लागते आणि सगळ्या पिंपाला करपट वास येतो. त्यामुळे कांब लांब आणि सौम्य घ्यावी लागते. पाणी आणि वीज एका भांड्यात नांदावयाची म्हणून जमिनीशी जोडलेली तार आणि गळती होताच तुटणारी कळ यांवाचून गत्यंतर नाही. भाच्याची कांब साडेपाच हजार वॅटची. आमच्या क्वार्टरातील पंधरा अँपिअरच्या मोठ्या प्लगावर साडेतीन हजारांहून अधिक झेपत नाही. म्हणजे त्याचा छंद आमच्या घरी कायद्याच्या आधी फ्यूजनेच अडविला असता.

वायू आणि वीज यांच्या या वादात आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांनाही थोडा अनुभव आहे. १९५५ साली मुंबईत बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ नावाने घरगुती वायू विकावयास आरंभ केला. पुढे तो गावोगाव पोहोचला तेव्हा बदलीच्या हुकुमाबरोबर सिलिंडर परत करणे, कागद घेणे आणि नव्या गावी तो कागद दाखवून रांगेत उभे राहणे हा संसाराचा एक संस्कारच झाला. ज्यांचा कागद वाटेत हरवला त्यांनी विजेच्या उघड्या वेटोळ्याच्या शेगडीवर महिना काढला. अशा महिन्यातील लागलेल्या दुधाचा वास आम्ही अजून विसरलेलो नाही. असो.

भाच्याने आपले पातेले मिटविले, तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, “बाबा, तू जी क्रांती केलीस म्हणतोस तिच्याहून जुनी भट्टी तुला शंभर-दीडशे कोसांच्या आत दाखवितो.” जबलपुराहून पूर्वेकडे मंडला आणि दिंडोरी यांच्या वाटेला लागले की मोहाची झाडे सुरू होतात. दिवाळीचे दिवस फुलांचे नव्हेत. मोह टपकतो तो फाल्गुन-चैत्रात. रात्रभर आणि पहाटे ती मांसल, फिकट पिवळी फुले आपोआप गळतात आणि गोंड व बैगा बायका टोपल्या घेऊन वेचावयास जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. जवासारखे मोड आणण्याची, पासष्ट अंश सांभाळण्याची दगदग येथे नाही; झाडाने साखर करूनच ठेवलेली आहे. फुले पाण्यात टाकून काही दिवस आंबू द्यावयाची, एवढेच.

आंबलेल्या मोहाची बिअर करीत नाहीत, तो गाळतात. गाळणे हे उकळण्याहून अवघड काम. आंबवणाचे मडके चुलीवर, त्याच्या तोंडावर दुसरे मडके पालथे, त्यातून निघालेली बांबूची नळी थंड पाण्यात ठेवलेल्या तिसऱ्या भांड्यात, आणि सांधे मातीने लिंपलेले. एवढाच सारा कारखाना. मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांवर उकळतो, पाणी शंभरावर. जाळ बेताचा असला तर मद्यार्काची वाफ पुढे निघते. वाढला तर पाणीच नळीतून येते, आणि फार वाढला तर तळाचा चोथा करपतो. तापमापक नाही. नळीच्या तोंडची धार पाहावयाची, मडक्याचा आवाज ऐकावयाचा आणि लाकूड वीतभर मागे ओढावयाचे किंवा पुढे सारावयाचे. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचा मराठीत लौकिक आहे, ती या लाकूड सारणाऱ्या हाताची करणी. भाच्याच्या यंत्रातील इवलासा मेंदू क्षणाक्षणाला वीज तोडतो आणि जोडतो, तेच हे काम.

या मंडळींच्या घरी मोहाचे मद्य केवळ नशेचे नव्हे. जन्म, लग्न, मर्तिक, देवकार्य यांत ते लागते. पिण्याआधी चार थेंब भुईवर सांडून देवांना आणि पितरांना दिले जातात. १९३२ पासून या मंडला मुलुखात राहिलेले व्हेरिअर एल्विन यांनी हे सारे टिपून ठेवले, आणि ठेकेदाराच्या दुकानापेक्षा यांची घरची भट्टी यांना परत द्यावी, असा आग्रह पुढे धरला. पाटणगढ या त्यांच्या वस्तीचे गाव आता दिंडोरी जिल्ह्यात आहे.

‘परत द्यावी’ असे म्हणावे लागले, याचा अर्थ ती आधी कोणीतरी काढून घेतली होती. ही काढून घेण्याची कथा विस्तवाच्या कथेपासून वेगळी करता येत नाही. घरच्या मद्याकडे राज्यसत्तेने कधीच दुर्लक्ष केलेले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे, सुरेच्या प्रकारांची कृतीही दिलेली आहे. आणि तरीही उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्य करण्याची मुभा ठेवलेली आहे. पेशवाईत दारूवर कडक बंधने होती; परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना दाखविले आहे की चाकरीतील फिरंगी लोकांपुरता तिला अपवाद होता. तोफ डागणाऱ्याचा घसा कोरडा ठेवणे राजकारणात बसत नाही, एवढे व्यवहारज्ञान पुण्याच्या दफ्तराला होते. जबलपूर व नर्मदाखोरे १७८१ नंतर सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेले. राजे बदलले, तरी जंगलातली चूल आपल्या जागी होती.

तिला हात लागला तो इंग्रजी अबकारीचा. या खात्याचा इतिहास म्हणजे भट्टी हळूहळू घरापासून दूर नेण्याचा इतिहास होय. आधीची पद्धत गुत्त्याची: अमुक गावी भट्टी लावून विकण्याचा हक्क लिलावात घेणाऱ्याने महिन्याला ठराविक रक्कम सरकारात भरावी, मग किती गाळतो हे कोणी पाहू नये. चूल अंगणातून उठली, परंतु गावातच राहिली. पुढे मोठ्या ठिकाणी सदर भट्टीची योजना आली. सरकारने तटबंदीचे आवार बांधावयाचे, कलालांनी आपापली भांडी तेथे आणून गाळावयाचे, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनावर कर मोजून द्यावयाचा. आता विस्तव तालुक्याच्या गावी आणि पहाऱ्यात गेला. १९०५-०६ सालच्या हिंदी अबकारी कमिटीनंतर तिसरा प्रकार बळावला: मोठ्या कारखान्यात वाफेने गाळलेले, यंत्राने ताकद मोजलेले मद्य ठेकेदाराने जिल्ह्याजिल्ह्यांना पुरवावयाचे. येथे प्रथमच दारूखालचा लाकडाचा जाळ सुटला. कोळशाने बॉयलर तापावा, बॉयलरच्या वाफेने आंबवण तापावे. चोथा करपत नाही, धार सारखी येते, आणि बंद आवारात सारा माल एकाच दारातून बाहेर पडतो. हिशेबनिसाला वाफ आवडली ती यासाठी. १९१५ च्या मध्यप्रांत अबकारी कायद्याने या घडीवर शिक्कामोर्तब केले. तोच कायदा, नाव बदलून आणि पुष्कळ दुरुस्त्या होऊन, मध्यप्रदेशात अजून चालू आहे.

मुंबई इलाख्यात तर १८७८ चा अबकारी कायदा पुरेना म्हणून १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडील लोकांसाठी मोहाच्या फुलावरच निर्बंध घालणारा कायदा झाला. दारू नव्हे, फूल! ज्या झाडाचे फूल माणूस कण्यांबरोबर शिजवून दुष्काळ काढतो त्याच्या टोपलीवर पहारा बसला. शिपायाला जंगलातली भट्टी सापडते ती दोन खुणांनी: एक वास आणि दुसरा धूर. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या काळातही खाडीच्या चिखलातल्या हातभट्ट्या पोलिसांना धुरानेच दाखविल्या.

इंग्रजी अमदानीच्या उत्तरार्धात खुद्द जबलपुरात गोऱ्या पलटणीची तहान भागविणारी एक ब्रुअरी होती, हे आता छावणीतही फारसे कोणाला ठाऊक नाही. हिंदुस्थानातील बिअरचे पहिले कारखाने कसौली, मरी, निलगिरी अशा थंड डोंगरांवर निघाले, कारण उकळलेला काढा निववून थंड ठेवणे हीच मैदानातली खरी अडचण होती. आगगाडीने कोळसा आणला आणि कोळशाने बर्फ करणारी यंत्रे चालविली, तेव्हा कोठे बिअर खाली उतरली. अलाहाबादेकडून आलेली आणि मुंबईकडून आलेली अशा दोन्ही लोहमार्गांची गाठ १८७० च्या मार्चात जबलपुरात पडली. मोहपाणीचा आणि पुढे उमरियाचा कोळसा हाताशीच होता. लाकडाचे राज्य संपले ते येथे. आणि जे लाकूड उरले ते १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारचे झाले. म्हणजे गोंडाच्या चुलीतून दोन वस्तू गेल्या, वरची दारू अबकारीकडे आणि खालचे लाकूड जंगलखात्याकडे.

हे ऐकून भाचा म्हणाला, “पण विजेचा यात काय दोष?” दोष कोणाचाच नाही, परंतु त्याची वीजसुद्धा एका बिअरवाल्याच्या घरातून आलेली आहे, हे त्याला माहीत नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात दारूच्या भट्टीची कामगिरी आपण समजतो त्याहून मोठी आहे. १७८५ साली लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीने जव भरडणाऱ्या घोड्यांच्या जागी वॅटचे वाफेचे यंत्र बसविले, तेव्हा शहरात ती अपूर्वाई ठरली. आणि मँचेस्टरजवळ सॅल्फर्ड येथे एका ब्रुअरीच्या मालकाच्या घरी १८१८ च्या डिसेंबरात जेम्स प्रेस्कॉट जूल जन्मला. घरचा धंदा सांभाळता सांभाळता त्याच्या मनात आले की, आपल्या ब्रुअरीतील वाफेचे यंत्र काढून त्या जागी विजेचे यंत्र बसविले तर काय होईल? अगदी आमच्या भाच्याचा प्रश्न. फक्त एकशे ऐंशी वर्षे आधी.

त्या काळी वीज म्हणजे जस्त खाणारी बॅटरी. जूलने मोजून पाहिले. एक पौंड जस्त जेवढे वजन उचलते, त्याच्या चौपटीहून अधिक वजन चांगल्या वाफेच्या यंत्रात एक पौंड कोळसा उचलतो; आणि जस्त तर कोळशाहून कितीतरी महाग. विजेचे यंत्र परवडत नाही, असा त्याने निर्वाळा दिला आणि ब्रुअरी होती तशी चालू ठेवली. परंतु हा तोट्याचा हिशेब करता करता दुसरेच घबाड त्याच्या हाती लागले. तारेतून वीज वाहिली की तार तापते. किती तापते, याचा नियम त्याने १८४१ साली प्रसिद्ध केला. भाच्याच्या पातेल्यातील कांब या नियमावर चालते. पुढे तो काम आणि उष्णता यांचे नाते शोधू लागला. पाण्यात वल्ही फिरवून ते किती तापते हे पाहणे म्हणजे अंशाच्या शेकडो भागांशी खेळणे. एवढे बारीक तापमान खरोखर मोजता येते यावर मोठमोठ्या पंडितांचा विश्वास बसेना. ज्याचे सारे आयुष्य काढ्याच्या पिंपात तापमापक बुडविण्यात गेले त्याला मात्र त्यात अवघड काही नव्हते. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापविण्यास लागणारे काम दाखविणारा ७७२.५५ हा आकडा त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. ब्रुअरी १८५४ च्या सुमारास विकली गेली. नाव मात्र राहिले. आपल्या दारावरच्या मीटरवर जे युनिट फिरते ते छत्तीस लक्ष जूल असते. दर महिन्यास आपण एका ब्रुअरीवाल्याच्या नावाने बिल भरतो, आणि आमच्यातील कित्येक जण दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते आहेत.

जूलचा तो हिशेब जबलपुरात पुन्हा मांडून पाहावा, असे आमच्या मनात आले. जागाही त्याला साजेशी. रामपूरच्या टेकाडावरील शक्तिभवनात राज्याच्या वीज मंडळाचे मुख्य कार्यालय होते आणि मंडळाच्या पोटातून निघालेल्या कंपन्यांची कार्यालये तेथेच आहेत. मराठी अभियंत्यांच्या दोन पिढ्या त्या इमारतीने पोसल्या. एका निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर मामा-भाच्यांनी आकडे मांडले. वीस लिटर काढा पंचवीस अंशांवरून उकळीस आणावयाचा तर पावणेदोन युनिटे. तासभर उकळताना तीन लिटर पाणी उडून जाईल, त्याला आणखी जवळजवळ दोन. हवेत जाणारी ऊब धरून चार युनिटांच्या आसपास. हेच काम वायूवर केले, आणि मोकळ्या जाळात निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असे धरले, तरी अर्ध्या किलोहून थोडा अधिक वायू लागेल. विजेचे काय? ती कोळशावर केलेली असेल तर आपल्याकडे एका युनिटाला अदमासे सातशे ग्रॅम कोळसा पडतो. म्हणजे पावणेतीन किलो. भाच्याने पेन्सिल खाली ठेवली.

तो कोळसा जळतो कोठे? जबलपूरच्या तारांत जी वीज येते तिचा एक मोठा उगम म्हणजे उमरिया जिल्ह्यातील बीरसिंहपूरचे औष्णिक केंद्र. ज्या उमरियाच्या कोळशाने लाकडाला हटविले, त्याच मुलखात विजेच्या शेगडीचाही जाळ आहे. धूर नाहीसा झालेला नाही; तो तळघरातून उठून दुसऱ्याच्या गावी राहावयास गेला आहे. दुसरा उगम पाण्याचा. जबलपुराच्या वर नर्मदेवर बरगीचे धरण आहे. १९७४ साली काम सुरू झाले, १९९० साली पुरे झाले. पायथ्याशी पंचेचाळीस मेगावॅटची दोन जनित्रे. जलाशयाला राणी अवंतीबाईचे नाव. त्या पाण्याखाली मंडला, शिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील एकशे बासष्ट गावांना झळ बसली. त्यांत गोंडांची वस्ती मोठी, आणि जेथे गोंडांचे गाव तेथे मोह असावयाचाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही बरगीला गेलो. धरणाच्या भिंतीवर वारा भणाणत होता, आणि समोर दृष्टी पोहोचेपर्यंत पाणी. भाच्याने विचारले, “याच्याखाली मोहाची किती झाडे असतील?” आयुष्यभर आम्ही सरकारी कागद हाताळले, गावांचा आकडा आमच्या तोंडी होता, एकरांचा काढता आला असता. झाडांचा आकडा आमच्यापाशी नव्हता. मोह कोणी लावीत नाही. तो आपणहून उगवतो, आणि तरीही प्रत्येक झाडाला वेचणारे घर ठरलेले असते, ते आजी-पणजीपासून. शेताची भरपाई मिळते. वेचण्याच्या वहिवाटीची किती मिळाली असेल याचा विचार, आमच्या हातून कागद जात असतानासुद्धा, आमच्या मनात कधी आला नव्हता, हे येथे लिहून ठेवणे प्राप्त आहे.

सत्तेला अलीकडे मोहाची आठवण झाली आहे. मध्यप्रदेशात अनुसूचित जमातींना स्वतःच्या घरगुती उपयोगापुरते, ठराविक मर्यादेत, मोहाचे मद्य गाळण्याची सवलत आहेच. कौटिल्याच्या चार दिवसांचाच हा वंशज. त्यापुढे जाऊन २०२२ च्या अबकारी धोरणात मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून स्थान मिळाले आणि आदिवासींच्या बचतगटांना ते गाळून बाटलीत भरून विकण्याची वाट मोकळी झाली. अलीराजपूरकडचे ‘मोंड’ आणि आमच्या शेजारच्या दिंडोरीचे ‘मोहुलो’ ही त्याची दोन नावे. या कामाचे शिक्षण घेण्यास आदिवासी तरुण कोठे गेले? पुण्याजवळ मांजरीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये. सहकारी साखरेच्या हिकमती शिकविणाऱ्या त्या मराठी संस्थेत गोंडांच्या मुलांनी आपल्याच पणजीची विद्या तापमापक लावून शिकावी, यात काहींना विनोद वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. पणजीचा हात जेथे तुरुंगाच्या भीतीने आखडला होता, तेथे पणतूच्या हाती परवाना आला, हे काही थोडे नव्हे. एक शंका मात्र आहे. बाटलीतले मद्य एकसारखे लागते. तसे ते लागावे म्हणून जाळ मोजलेला असावा लागतो. आणि मोजलेला जाळ अंगणातल्या चुलीचा नसतो. लाकूड वीतभर मागे ओढणारी म्हातारी त्या छपराखाली कोणत्या पगारपत्रकात बसेल?

विजेची आम्हांला निंदा करावयाची नाही. चुलीच्या धुराने किती बायांचे डोळे आणि छात्या गेल्या हे ज्याने पाहिले आहे तो ‘जुना विस्तव’ म्हणून हळहळणार नाही. मोह वेचावयास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवितात आणि त्या आगीने दरवर्षी जंगल जळते, हेही खरे. आमचे म्हणणे इतकेच की भट्टी अंगणातून गुत्त्यावर, गुत्त्यावरून सदरेत, सदरेतून बॉयलरखाली आणि बॉयलरमधून तारेत गेली, तेव्हा दर वेळी ती स्वच्छ झाली असे लिहिले गेले. ती आपल्यापासून दूर गेली एवढेच खात्रीने लिहिता आले असते.

भाच्याला परत जाताना मोहाची वाळलेली फुले न्यावयाची होती. मिनेसोटातील पातेल्यात एक प्रयोग करण्याचा बेत होता. दिंडोरीच्या वाटेवरील बाजारातून त्याने शेरभर फुले घेतलीही. तिकडच्या विमानतळावर फळाफुलांची कसून झडती होते हे ऐकल्यावर त्याने ती मामीच्या स्वाधीन केली. मामीने निवडली, मनुकांसारखी दिसणारी ती सुरकुतलेली फुले तव्यावर परतली, भाजलेल्या तिळांबरोबर कुटली आणि बुंदेलखंडात करतात तसे लाडू वळले. गॅस मधेच संपला. दुसरे सिलिंडर लावीपर्यंत तिने तवा विजेच्या शेगडीवर ठेवला, आणि शेवटचा घाणा थोडा लागला. भाच्याने तोच आधी संपविला.